घट बसायच्या आधी रंग द्यावा का? पावसाळ्यानंतरची घराची आणि गच्चीवरच्या बागेची कामं

पश्चिमभिंत:

पुण्यात 25 वर्षांचं एकमजली घर आहे. भिंती 9 इंची विटांच्या, वर 700 चौरस फुटांची गच्ची, तिच्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा. गच्चीवर साधारण 40 कुंड्या. नवरात्राच्या आत घर आवरून रंग द्यायचा बेत आहे, पण कामांचा क्रम लागत नाही.

पश्चिमेच्या भिंतीला आतून जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत ओल आहे. रंगाचे पापुद्रे सुटलेत, बोट फिरवलं की मिठासारखी पांढरी पूड हाताला लागते. रंगारी म्हणतो, खरवडून पुट्टी भरतो आणि 4 दिवसांत काम देतो. याच भिंतीला बाहेरून लागून कर्दळीचा वाफा आहे. वरच्या खोलीच्या छतावर ताटाएवढा डाग पडलाय. गच्चीवर आणि जिन्याच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे. बेडरूमचं सागवानी दार चौकटीत अडकतं, सुतार रंधा मारायला तयार आहे.

बागेत 8 गुलाब आहेत. पानांवर काळे ठिपके पडून निम्मी पानं गळलीत. मोगरा नुसता पानांनी माजलाय. गुलाब आणि मोगरा दोन्ही आत्ताच छाटावेत का? आणि ऑक्टोबरमध्ये पेरलेली कोथिंबीर उगवतच नाही, ती का?

जोतं_आणि_गिलावा:

रंगाऱ्याला आत्ता थांबवा. तुमच्या सगळ्या प्रश्नात महत्त्वाचं वाक्य कर्दळीच्या वाफ्याचं आहे.

ओल जमिनीपासून वर चढत अडीच फुटांवर थांबते, याचा अर्थ पाणी खालून येतंय. घराच्या जोत्यावर ओल अडवणारा काँक्रीटचा थर असतो. वाफ्यात दर वर्षी माती आणि खत पडत जातं, वाफा चढत जातो आणि एक दिवस माती त्या थराच्या वर पोचते. मग विटांना थेट ओली माती टेकते आणि अडवणारा थर असून नसल्यासारखा होतो. बाहेर जाऊन टेप लावा. आतल्या फरशीची पातळी बाहेरच्या भिंतीवर खुणेने काढा आणि वाफ्याची माती त्या खुणेच्या किती खाली आहे ते मोजा. निदान 6 इंच खाली हवी. माती खुणेच्या बरोबरीला किंवा वर असेल तर दुखणं तिथेच आहे.

उपाय म्हणजे वाफा भिंतीपासून तोडणे. कर्दळीचे गड्डे काढून दुसरीकडे लावा, ते सहज जगतात. भिंतीलगतची फूटभर रुंद पट्टी पातळीच्या 6 इंच खाली उतरवा. तिथे काँक्रीट किंवा फरशी करा आणि उतार बाहेरच्या बाजूला द्या, फुटाला पाव इंच. आत माती भरून पुन्हा झाडं लावायची नाहीत. ती पट्टी मोकळीच राहिली पाहिजे.

आता आतल्या बाजूचं. पाणी विटांतले आणि सिमेंटातले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणतं. पाणी उडून जातं, क्षाराचे खडे मागे राहतात, फुगतात आणि रंगाला मागून ढकलतात. तुमची पांढरी पूड ती हीच, यालाच लोणा लागला म्हणतात. ओल्या भिंतीवर पुट्टी मारली तर दिवाळीत भिंत छान दिसेल आणि होळीपर्यंत पुट्टीसकट पापुद्रा हातात येईल.

आधी खात्री करून घ्या. 1 फूट बाय 1 फूट पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि 24 ते 48 तास राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतली दमट वाफ आहे आणि खिडक्या उघड्या ठेवून काम भागेल.

मग ओलीच्या खुणेच्या वर आणखी फूटभर, म्हणजे साडेतीन फुटांपर्यंत सगळा रंग आणि पुट्टी खरवडून काढा. थापीच्या मुठीने ठोकत जा. पोकळ आवाज येईल तिथला गिलावा विटेपर्यंत पाडा. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडायचा, खाली कागद पसरून पूड गोळा करून टाकून द्यायची. इथे हमखास चूक होते ती ओल्या फडक्याने पुसण्याची. पुसलं की क्षार पुन्हा विरघळून भिंतीत शिरतात. दर 4-5 दिवसांनी झाडत राहा. सुरुवातीला बोटभर पूड निघेल, मग कमी कमी होत जाईल. पूड येणं थांबलं आणि प्लास्टिकची चाचणी कोरडी आली की 1:4 सिमेंट-वाळूचा गिलावा करा, माल कालवताना वॉटरप्रूफिंगचं द्रव डब्यावर लिहिलेल्या मापानेच घाला. ऑक्टोबरच्या उन्हात पाण्याचा मूळ रस्ता बंद झाल्यानंतरही 9 इंची भिंतीला वाळायला किमान 6 ते 8 आठवडे लागतात. त्यामुळे या एका भिंतीचा रंग जानेवारीत धरा. बाकीच्या कोरड्या खोल्या खुशाल दिवाळीच्या आधी रंगवा.

गच्चीसाठी मात्र परतीचा पाऊस संपायच्या आत हालचाल करा. पाऊस थांबल्यावर तास-दीड तासाने वर जा. सगळा कोबा वाळायला लागलेला असतो, पण भेगेत पाणी असल्यामुळे भेग ओलीच राहते आणि पांढुरक्या पृष्ठभागावर केसासारखी काळी रेघ उठून दिसते. कोरड्या दिवशी हीच भेग डोळ्याला सापडत नाही. लगेच तेलखडूने दोन्ही टोकांना खूण करा. कठड्याच्या तळाशी जी गोलाई असते, गवंडी तिला वाटा म्हणतात, ती सगळी बोटाने चाचपा. गळती बहुतेक वेळा तिथून किंवा पाइपाच्या तोंडापासून सुरू होते, मधल्या कोब्यातून क्वचित.

डाग नेमका कुठून येतो ते कळत नसेल तर पाणी साठवून बघता येतं. पाइपाच्या तोंडात कापड गुंडाळलेला पाइपाचाच तुकडा असा बसवा की तो कोब्याच्या 2 इंच वर राहील, म्हणजे जास्त पाऊस आला तर वरून वाहून जाईल. 700 चौरस फुटांवर 2 इंच पाणी म्हणजे सुमारे 3,300 लिटर, म्हणजे 3.3 टन वजन. म्हणून आधी कुंड्या उतरवा किंवा तुळईच्या ओळीवर कडेला घ्या, आणि छताला आधीच मोठ्या भेगा किंवा उघड्या सळया दिसत असतील तर ही चाचणी करूच नका.

भेगा भरायचं काम नोव्हेंबरात. भेग 5-6 मिलिमीटर रुंद आणि तेवढीच खोल कोरून घ्यायची, धूळ फुंकून काढायची आणि पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने भरायची. त्यानंतर वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात, दुसरा हात पहिल्याला आडवा. शेवाळावर किंवा ओल्या कोब्यावर हा रंग मारला तर पहिल्याच उन्हाळ्यात फुगे येतात.

दाराला रंधा लावू देऊ नका. लाकूड पावसात आडवं फुगतं आणि नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत परत बसतं. आत्ता 3 मिलिमीटर तासलं तर मार्चमध्ये तेवढीच फट दिसेल. बिजागरीचे स्क्रू आवळा आणि घासणाऱ्या कडेवर मेणबत्ती फिरवा. डिसेंबरातही अडकलं तर रंधा मारा आणि तासलेल्या कडेला त्याच दिवशी पॉलिश किंवा तेलरंग लावा. उघडी राहिलेली कडच पुढच्या पावसात पाणी पिते.

कुंडीतली_माती:

वरच्या प्रतिसादातलं घराचं सगळं पटलं. बागेचं मी सांगते.

परदेशी व्हिडिओंमधली शरदाची कामं, गळलेली पानं ओढणं वगैरे, इथे लागू नाहीत. आपल्याकडची पानगळ शिशिरात, फेब्रुवारीच्या आसपास. आपला शरद म्हणजे पावसाने धुऊन निघालेली माती, ओसरता पाऊस आणि मागोमाग ऑक्टोबरचं ऊन. कॅलेंडर बघायचंच तर हस्ताचा पाऊस 27 सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि 10 ऑक्टोबरला चित्रा लागतं. हस्त संपेपर्यंत छाटणी नाही आणि कुंडी बदलणं नाही. तोपर्यंत तण काढा. गाजर गवत फुलायच्या आत मुळासकट उपटा आणि हातमोजे घालूनच, त्याने अंगावर पुरळ उठतं. एकदा फूल दिसलं की ते कंपोस्टात टाकायचं नाही. कुंडीची माती उकरताना साबुदाण्यासारखी पिवळट पांढरी अंडी सापडली तर ती गोगलगायीची. वेचून मिठाच्या पाण्यात टाका, नाहीतर पुढच्या पावसात रोपं शिल्लक राहणार नाहीत.

गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात करा. छाटणीनंतर साधारण 45 दिवसांनी फूल येतं, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला थंडीत रंगही चांगला मिळतो. आधी काळ्या ठिपक्यांची पानं, झाडावरची आणि मातीवर पडलेली, एकेक करून गोळा करा आणि कचऱ्यात टाका. बुरशी त्या पानांवरच राहते. मग वाळक्या, एकमेकींना घासणाऱ्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या तळातून काढा. उरलेल्या 4 ते 6 जाड फांद्या 12 ते 18 इंचांवर कापा. काप बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या, म्हणजे नवी फूट येते त्या उंचवट्याच्या, पाव इंच वर आणि तिरका, उतार डोळ्याच्या उलट बाजूला. काप फार वर घेतला तर डोळ्यावरचं खुंट वाळतं आणि ते वाळणं खाली उतरत फांदीभर जातं. कापलेल्या जागी आतला गर हिरवट पांढरा दिसला पाहिजे. तपकिरी दिसला तर आणखी खाली जा, पांढरा लागेपर्यंत.

कापांवर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशी रोखणारा लेप लावा. 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळे. चुना विरताना पाणी उकळतं, म्हणून थोडं थोडं पाणी घाला, तोंड लांब ठेवा आणि निवल्यावरच दोन्ही एकत्र करा. मग घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, अजून चुना घाला, नाहीतर पेस्टच फांदी जाळते. पेस्ट त्याच दिवशी वापरा, उरलेली ठेवू नका. छाटणीनंतर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक 2 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात घेऊन उरलेल्या काड्यांवर आणि मातीवर फवारा, नाकातोंडाला फडकं बांधून.

कलमाच्या गाठीखालून फुटलेले धुमारे कापायचे नाहीत, माती बाजूला करून बुडातून ओढून काढायचे. कापले की एकाचे चार होतात. कलम करताना खाली वापरलेलं ते जंगली गुलाबाचं झाड असतं, सगळं अन्न तेच खातं.

12 इंची कुंडीत वरची 2-3 इंच माती काढून टाका. तिथे दोन ओंजळी कुजलेलं शेणखत, 50 ग्रॅम निंबोळी पेंड आणि 30 ग्रॅम हाडांचा चुरा मिसळून भरा. पूर्ण कुंडी बदलायची असेल तर 4 भाग माती, 3 भाग शेणखत किंवा गांडूळ खत, 2 भाग कोकोपीट, 1 भाग जाड वाळू. बदलल्यावर 8 दिवस 50 टक्के सावलीच्या हिरव्या जाळीखाली ठेवा. कुंड्या दोन-दोन विटांवर ठेवल्या तर खालचा कोबा वाळतो आणि तळाची भोकंही बुजत नाहीत.

मोगऱ्याला हात लावू नका. त्याची छाटणी नोव्हेंबरच्या शेवटापासून पुढे. आत्ता कापला तर नवी पालवी येईल, फुलं नाहीत.

टाकी_झाकण:

शेवाळावर कोणी अ‍ॅसिड सुचवायच्या आत सांगतो, अ‍ॅसिड नको. ते कोब्यातलं सिमेंट खातं आणि भेगा मोठ्या करतं. ओलं असतानाच खराट्याने घासा. नंतर 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून शिंपडा, 20 मिनिटांनी पुन्हा घासून धुवा. हे पाणी कुंड्यांत जाऊ देऊ नका. ब्लीचिंग आणि अ‍ॅसिड किंवा संडास साफ करायचं द्रव कधीही एकत्र येता कामा नये, क्लोरीन वायू सुटतो.

पावसाळ्यात टाकीच्या तळाला गाळ बसतो, तीही आत्ताच धुवा. घासून गाळ काढल्यावर भरलेल्या 1,000 लिटर टाकीला 150 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर लागते. बादलीत कालवून साका बसू द्या आणि वरचं निवळ पाणीच ओता. सगळे नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, मग बंद करून 4 तास ठेवा, नंतर सगळं पाणी गटारात सोडून टाकी पुन्हा भरा. हे पाणी प्यायचं नाही, घरात सगळ्यांना आधी सांगून ठेवा. जमिनीखालच्या टाकीत उतरायचं असेल तर झाकण आधी बराच वेळ उघडं ठेवा आणि वर माणूस उभा असल्याशिवाय उतरू नका.

कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा नुसत्या ओतून चालत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी बशीच्या कडेला, पाण्याच्या रेषेवर चिकटतात आणि कोरडी पडूनही काही महिने टिकतात. पुन्हा पाणी मिळालं की त्यातून डास बाहेर येतो. म्हणून ब्रशने कडा घासायच्या. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा डेंग्यूच्या जोराचा काळ असतो, यात एकही आठवडा चुकवू नका.

जांभ्याचं_घर:

कोकणातून वाचणाऱ्यांसाठी थोडी भर. आमच्याकडे चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती सच्छिद्र, त्या पाणी जास्त पितात आणि ऑक्टोबरभर दुपारनंतर गडगडाटाचा पाऊस येतच राहतो. त्यामुळे वरचं वेळापत्रक महिनाभर पुढे ढकला. कौलांची शाकारणी वैशाखातच होते, पण गळतीच्या खुणा आत्ताच करा. ज्या वाशाजवळ पाणी टपकतं तिथे खडूने फुली मारा, मे महिन्यात कोणालाही जागा आठवत नाही. वासे-रिपांवर पिठासारखा भुगा दिसला तर किडा आत आहे. भोकांत काजूच्या टरफलाचं तेल सोडतात, ते कातडीला भाजतं, म्हणून हातमोजे हवेतच.

मातीचं अंगण असेल तर जमीन अजून ओलसर असताना वरचा दीड-दोन इंचाचा थर खणून गवताची मुळं वेचा, सारखं करा, पाणी शिंपडून चोपण्याने चोपा आणि मग सारवा. पूर्ण वाळल्यावर चोपलं तर माती बसत नाही, भुसभुशीत राहते.

पश्चिमभिंत:

टेप लावला. वाफ्याची माती आतल्या फरशीपेक्षा 2 इंच वर आहे. प्लास्टिकलाही भिंतीकडून थेंब आले. कर्दळ हलवतोय आणि रंगाऱ्याला बाकीच्या तीन खोल्या दिल्या.

दोन शंका. दिवाळीत पाहुणे येणार, खरवडलेली भिंत उघडीच ठेवायची का? आणि कोथिंबीर राहिली.

जोतं_आणि_गिलावा:

उघडी ठेवली तर उत्तमच. पण दिसायला हवं असेल तर चुन्याची सफेदी द्या. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, ओल अडकत नाही. दोन गोष्टी बघा. जुन्या प्लास्टिक रंगावर चुना धरत नाही, म्हणून खरवडलेल्या गिलाव्यावरच द्या. आणि जानेवारीत रंगाच्या आधी तो चुना पुन्हा पूर्ण घासून काढा, चुन्याच्या पुडीवर प्रायमर चिकटत नाही. तोपर्यंत कपाट, पलंग भिंतीपासून 6 इंच लांब ठेवा. कपाटामागची हवा कोंडली तर तिथे बुरशी धरेल.

कुंडीतली_माती:

कोथिंबीर उगवत नाही याचं कारण बहुतेक तापलेली माती आणि अख्खा धणा. एका धण्यात दोन बिया असतात. पाटावर पसरून लाटणं हलक्या हाताने फिरवा, दोन डाळिंब्या सुट्या होतील एवढंच, चुरा नको. रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी निथळून पेरा. 2 बाय 1 फुटाच्या ट्रेला 15-20 ग्रॅम पुरे, माती 6 इंच तरी खोल हवी. अर्धा इंच माती वरून टाका, झारीने पाणी द्या आणि ओलं गोणपाट झाकून ट्रे सावलीत ठेवा. गोणपाट सकाळ-संध्याकाळ ओलं करायचं. सहाव्या दिवसापासून रोज उचलून बघा. पहिला कोंब दिसला की त्याच संध्याकाळी गोणपाट काढा, एक दिवस जरी उशीर झाला तरी कोंब पांढरे, लांबट होऊन आडवे पडतात. 8 ते 10 दिवसांत सगळं उगवतं, 40-45 दिवसांत कापणी.

दिवाळीच्या पानात हिरवं काही हवं असेल तर शेजारच्या ट्रेमध्ये मेथी टाका, ती 3-4 दिवसांत उगवते आणि 25-30 दिवसांत हाताशी येते. पालक, मुळा चित्रा नक्षत्रात चालतील. वाटाणा मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याआधी पेरू नका, उन्हात वेल वाढतो आणि फुलं गळून जातात.